विगनच्या खात्यातले ४७८ ट्राय

रग्बी लीगमधल्या विंगरची, म्हणजे मैदानाच्या कडेनं धावणाऱ्या खेळाडूची, ओळख आकड्यांनी करून द्यायची पद्धत आहे, आणि बिली बोस्टनच्या बाबतीत आकडे दिपवणारेच आहेत. १९५३ ते १९६८ या काळात विगन क्लबसाठी ४८८ सामने आणि ४७८ ट्राय, म्हणजे तितक्या वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं. ग्रेट ब्रिटनसाठी ३१ सामने, २४ ट्राय. सगळी कारकीर्द धरली तर ट्रायची बेरीज ५७१ वर जाते. ब्रिटिश रग्बी लीगच्या इतिहासात त्याच्या पुढे एकच नाव आहे, ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रायन बेव्हनचं, त्याचे ७९६. पण हे आकडे ज्या खात्यावर जमा आहेत ते विगनचं आहे, आणि विगन हे उत्तर इंग्लंडातलं, त्या काळी लँकेशरमधलं, कोळशाच्या खाणी नि कापडगिरण्यांचं गाव होतं. बोस्टन तिथला नव्हे. तो वेल्सचा, कार्डिफचा. ज्या शहरात रग्बीचं वेड लहानमोठ्या सगळ्यांना होतं, जिथलं आर्म्स पार्क हे मैदान त्याच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं, त्या शहराच्या क्लबसाठी तो कधी खेळला नाही, वेल्सच्या रग्बी युनियन संघाची लाल जर्सीही त्याच्या अंगावर कधी आली नाही. असं का झालं, याचं रूढ उत्तर ‘पैशासाठी गेला’ असं आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेला अर्धा भाग असा, की जिथे खेळाची किंमत उघडपणे नोटांत मोजली जाते तिथे कातडीचा रंग बघून चांगला खेळाडू नाकारणं महागात पडतं; जिथे निवड ‘हा आपल्यातला आहे का’ या निकषावर होते तिथे तसं नाकारणं फुकटात होतं आणि त्याची कागदावर नोंदही राहत नाही. बोस्टनची कारकीर्द या फरकातून घडली.

आधी दोन रग्बींचा घोळ सोडवायला हवा, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी रग्बी म्हणजे एकच खेळ. १८९५ पर्यंत तो होताही. खेळाची सूत्रं लंडनमधल्या, महागड्या निवासी शाळांतून आलेल्या मंडळींच्या हाती होती; आणि खेळणारे चांगले खेळाडू मात्र उत्तरेकडच्या खाणीत, गोदीत, गिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामन्याला जायचं तर अर्ध्या दिवसाचा पगार बुडे. तो बुडालेला रोज क्लबनं भरून द्यावा, दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. ‘खेळ हा हौशीच असला पाहिजे’ या तत्त्वावर ती नाकारली गेली. ज्यांच्या घरी शनिवारच्या पगाराशिवाय चूल पेटत होती त्यांचं हे तत्त्व! ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि ते वेगळे झाले. पुढे याच संघटनेचा खेळ रग्बी लीग म्हणून ओळखला गेला. प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगायचं म्हटल्यावर खेळ पाहण्याजोगा करणं आलं. लीगनं बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकण्याची रांग काढून टाकली, पंधराचे तेरा खेळाडू केले, ढकलाढकली कमी करून धावण्याला जागा करून दिली. जुन्या संघटनेनं, म्हणजे रग्बी युनियननं, मात्र पलीकडे गेलेल्यांची वाट कायमची बंद केली. लीगच्या करारावर एकदा सही केली की युनियनचे दरवाजे जन्मभरासाठी मिटले. जुन्या क्लबात नुसतं येणं-जाणंही अवघड होई. ही बंदी शेवटी उठली ती १९९५ मध्ये, युनियननं स्वतःच पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा.

वेल्समध्ये या फुटीला एक वेगळाच पेच होता. तिथला खेळाडूवर्गही खाणीतला नि गोदीतलाच, पण वेल्स युनियनशीच राहिलं. लीग तिथे रुजवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आणि फसले. कार्डिफचा एक लीग संघ १९५१-५२ चा एकच हंगाम टिकला. त्यामुळे वेल्सच्या पोराला रग्बीतून कमवायचं असेल तर घर, भाषा, मित्र सोडून इंग्लंडच्या उत्तरेला जाणं भाग होतं. या स्थलांतराला ‘उत्तरेला जाणं’ असंच म्हणत, आणि मागे राहिलेल्यांच्या तोंडी त्याचा सूर बहुतेकदा कुणी घर मोडून गेल्याचा असे.

बोस्टनचा जन्म ६ ऑगस्ट १९३४ चा, कार्डिफच्या गोदीलगतच्या ब्यूटटाउन वस्तीतल्या अँजेलिना स्ट्रीटवरचा. या वस्तीला बाहेरचे लोक टायगर बे म्हणत. कोळशाच्या जहाजांबरोबर पश्चिम आफ्रिका, सोमालिया, येमेन, कॅरिबियन बेटं, भारत, नॉर्वे अशा सगळीकडचे खलाशी इथे उतरले, काहींनी स्थानिक बायकांशी लग्नं करून घरं मांडली. बोस्टनचे वडील सिएरा लिओनहून आलेले खलाशी, आई नेली कार्डिफचीच, आयरिश वंशाची, तो धरून भावंडं अकरा. ब्रिटनमध्ये त्या काळी इतक्या वंशांचे लोक एका शेजारात राहतात अशी जागा दुसरी क्वचितच होती. पण वस्तीच्या सीमेवरचा रेल्वेचा पूल ओलांडला की शहर बदलत असे. नोकरी, भाड्याची खोली, क्लबचं सभासदत्व, कशासाठीही गेलं की ‘कुठल्या गल्लीचा’ हा प्रश्न आधी येई. बोस्टनच्या खेळाबद्दल शंका घेण्याजोगं काही नव्हतं. शाळकरी वयातच तो कार्डिफच्या शालेय संघाचा कर्णधार झाला होता, वेल्सच्या कुमार संघांतून खेळला होता. स्थानिक खेळाडूंनी मिळून काढलेल्या कार्डिफ इंटरनॅशनल्स या क्लबकडून तो खेळला, नीथ या मोठ्या क्लबकडूनही काही सामने खेळला. त्याच्या शहराच्या क्लबकडून मात्र बोलावणं आलं नाही. त्याची ही खंत त्यानं पुढे आयुष्यभर बोलून दाखवली.

सक्तीच्या सैनिकी सेवेसाठी तो यॉर्कशरमधल्या कॅटरिकच्या छावणीत रॉयल सिग्नल्समध्ये दाखल झाला, आणि तिथे लीगच्या क्लबांची नजर त्याच्यावर पडली. १९५३ च्या आर्मी कपच्या अंतिम सामन्यात वेल्श गार्ड्सविरुद्ध त्यानं सहा ट्राय केले. सह्या झाल्या त्या दिवसाचा प्रसंग त्यानं स्वतःच अनेकदा सांगितलेला आहे. मार्च १९५३ मध्ये विगनचे पदाधिकारी अँजेलिना स्ट्रीटवरच्या घरी आले आणि त्यांनी टेबलावर हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. पोराला जायचं नव्हतं. त्याला कार्डिफकडून आणि वेल्सकडून खेळायचं होतं. पाहुण्यांनी आकडा दीड हजारावर नेला. ही ब्याद टळावी म्हणून आईनं तीन हजार मागितले, एवढे काही कुणी देणार नाही या खात्रीनं. पाहुण्यांनी तिथेच होकार दिला. आईनं शब्द दिला होता, मागे फिरणं तिला पटणारं नव्हतं. अठरा वर्षांच्या बोस्टननं सही केली आणि नंतर तो रडला. तीन हजार पौंड म्हणजे त्या काळच्या सामान्य ब्रिटिश कामगाराची साधारण सहा वर्षांची मजुरी. अकरा मुलांच्या गोदीकाठच्या घराला ही रक्कम नाकारणं शक्य होतं, असं म्हणणाऱ्यानं आधी त्या टेबलाशी बसून बघावं. पण या प्रसंगातली माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहे. विगनच्या माणसांनी अठरा वर्षांच्या, लीगचा एकही सामना न खेळलेल्या, काळ्या पोराची किंमत जागच्या जागी तिप्पट केली. त्याच्याच शहराचा क्लब त्याला एका निवड-सामन्याला बोलावण्याचा फुकटचा खर्चही करायला तयार नव्हता.

विगनला त्याचा मोबदला किती लवकर मिळाला ते बघण्यासारखं आहे. पहिल्यांदा राखीव संघातून तो उतरला, आणि एरवी ज्या सामन्याला कुणी फिरकत नाही त्याला आठ हजारांवर प्रेक्षक आले. मुख्य संघातून अवघे सहा सामने खेळला असताना १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात त्याची निवड झाली. ग्रेट ब्रिटनच्या अशा दौऱ्यावर गेलेला तो पहिला गोरेतर खेळाडू. वय एकोणीस. दौऱ्यातल्या १८ सामन्यांत त्यानं ३६ ट्राय केले. ऑकलंडच्या कसोटीत न्यूझीलंडविरुद्ध एकट्यानं चार.

इथे हरकत घेतली जाते की विंगर हा संघाच्या ताटातलं खाणारा. विगनचा संघ बलाढ्य होता, समोरचे क्लब पुष्कळदा दुबळे होते, म्हणून ट्राय साचत गेले. हरकत रास्त आहे, आणि तिचं उत्तर द्यायचं तर विंगरचं काम जवळून बघावं लागतं. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू हातानं जमिनीला टेकवणं. चेंडू मागेच द्यायचा, पुढे फेकायचा नाही, म्हणून आक्रमण तिरक्या ओळीत पसरतं आणि त्या ओळीच्या अगदी टोकाला, बाजूच्या रेषेलगत, विंगर उभा असतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला बाजूची रेषा जशी बाधते तशी ती यालाही बाधते: पाय पडला की खेळ संपला. त्याच्या हाती चेंडू येतो तेव्हा त्याच्यासमोर एखाद-दुसराच बचावपटू आणि पाच-सात हात रुंदीची पट्टी असते. बहुतेक विंगर तिथे वेगावर सुटतात. बोस्टन वेगवान होताच, पण पुढे त्याचं वजन पंधरा स्टोनच्या, म्हणजे जवळपास ९५ किलोंच्या घरात गेलं, आणि तो टाळून जाण्याइतकाच तुडवून जाण्यातही पटाईत झाला. आत येऊन झडप घालणारा बचावपटू पसरल्या तळहातानं दूर लोटायचा, खांदा खाली घालायचा आणि कोपऱ्यातला झेंडा गाठायचा. शिवाय तो विंगरच्या आतल्या बाजूचा सेंटर म्हणूनही खेळे, आणि बचावात त्याचा टॅकल खाल्लेले, म्हणजे त्यानं धरून पाडलेले, विंगर दुसऱ्यांदा त्या बाजूनं यायला कचरत. आतल्या बाजूला कर्णधार एरिक अ‍ॅश्टन हा सेंटर होता, दोघांना स्वतःवर ओढून घेऊन नेमक्या क्षणी चेंडू सोडणारा. त्यामुळे ताट वाढून मिळत होतं हे खरं. मात्र त्या काळच्या नियमांत विंगरला भुकेलं ठेवण्याचीच सोय जास्त होती. आज सहा टॅकल झाले की चेंडू सोडावा लागतो. ही मर्यादा १९६६ मध्ये आधी चार टॅकलची म्हणून आली. त्याआधी मर्यादाच नव्हती. टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायानं मागे सारणार, पुढचा तो उचलून चार पावलं जाणार, पुन्हा टॅकल, पुन्हा तेच, आणि एखादा संघ दहा-दहा मिनिटं चेंडू दाबून बसणार. बोस्टनची जवळजवळ सगळी कारकीर्द या नियमाखाली गेली. अशा खेळात दोन अंकी वर्षं सामन्यामागे जवळपास एक ट्राय, हे केवळ चांगल्या संघामुळे होत नाही; तसं असतं तर त्याच संघाच्या दुसऱ्या टोकाच्या विंगरांचे आकडेही तसेच दिसले असते. आणि दुबळ्या क्लबांचं म्हणाल, तर ग्रेट ब्रिटनच्या ३१ सामन्यांतले २४ ट्राय दुबळ्यांविरुद्ध नाहीत. वेम्बलीवरच्या सहा चॅलेंज कप फायनलमध्ये तो खेळला, तीन जिंकला. त्या तिन्हीही वर्षी विगनला तिथवर पोचवण्यात त्याचा वाटा कुणी नाकारलेला नाही.

खरी वजनदार हरकत वेगळी आहे. उत्तरेला गेलेले वेल्श खेळाडू बहुसंख्येनं गोरे होते, मग इथे रंगाचा संबंध कसला? विगनचाच थोर जिम सलिव्हन १९२१ मध्ये, गस रिस्मन १९२९ मध्ये, दोघेही सतरा वर्षांचे असताना कार्डिफ भागातून गेले. १९५२ मध्ये ल्यूइस जोन्सला लीड्सनं सहा हजार पौंड मोजले, बोस्टनच्या दुप्पट. वेल्समधली बेकारी, बंद पडणाऱ्या खाणी, घरची ओढाताण हे कारण सगळ्यांना सारखंच होतं. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. परंतु कोण गेलं हे मोजून रंगाचा प्रश्न सुटत नाही. जे राहिले त्यांचं काय झालं हे बघावं लागतं. गोरा गुणी खेळाडू राहिला तर त्याला वेल्सची जर्सी मिळण्याचा मार्ग मोकळा होता, आणि ल्यूइस जोन्ससारखे कित्येक जण ती मिळवून, तिचीच किंमत वसूल करून मग गेले. काळा खेळाडू राहिला तर काय? वेल्सच्या युनियन संघातून पहिला काळा खेळाडू, पाँटिपूलचा मार्क ब्राउन, खेळला तो १९८३ मध्ये. वेल्सच्या लीग संघातून जॉर्ज बेनेट खेळला होता १९३५ मध्ये. एकाच छोट्या देशाच्या दोन संघांत अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर. युनियनच्या नियमावलीत रंगाबद्दल एक ओळही नव्हती, हे तिचे समर्थक सांगतात आणि ते खरंच आहे. नियम लिहायची गरज तिथे पडते जिथे निवडीचा हिशेब कुणाला तरी द्यायचा असतो.

काळ्या वेल्श लोकांची संख्याच कमी होती, त्यांच्यातून त्या दर्जाचे खेळाडू निघाले नसतील, हाही एक बचाव. तो तर चार नावांपुढे टिकत नाही. बोस्टनच्याच वस्तीतला जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सकडून २९० ट्राय करून गेला. कॉलिन डिक्सन हॅलिफॅक्स आणि सॅल्फर्डचा आधारस्तंभ झाला. ब्रिनमॉरमध्ये वाढलेला रॉय फ्रान्सिस १९४७ मध्ये ग्रेट ब्रिटनचा पहिला काळा लीग खेळाडू ठरला आणि पुढे हल नि लीड्सचा नावाजलेला प्रशिक्षक. कार्डिफच्या स्प्लॉट भागातला क्लाइव्ह सलिव्हन, ज्याच्या पायांवर लहानपणी इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या की तो नीट चालेल का याचीच डॉक्टरांना शंका होती, १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला काळा माणूस. त्याच वर्षी ल्योंमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०-१० अशा बरोबरीत सुटलेल्या अंतिम सामन्यात स्वतःच्याच अर्ध्यातून धावत जाऊन त्यानं केलेल्या ट्रायचा विश्वचषक ब्रिटनला मिळवून देण्यात मोठा वाटा होता. एवढ्या छोट्या देशातून एवढे निघतात आणि त्यातला एकही त्या देशाच्या मुख्य खेळाला दिसत नाही, याला योगायोग म्हणायला फार भाबडेपणा लागेल.

म्हणून लीगला मखरात बसवायचं कारण मात्र नाही. रॉय फ्रान्सिसला १९३९ मध्ये याच विगननं जाऊ दिलं होतं. १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून तो वगळला गेला, आणि त्यामागे ऑस्ट्रेलियाचं तेव्हाचं वर्णभेदी धोरण होतं असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. बोस्टनलाही लीगच्या औदार्याची हद्द कुठे संपते ते १९५७ मध्ये कळलं. ऑस्ट्रेलियातला विश्वचषक आटोपल्यावर ब्रिटन नि फ्रान्सचे संघ परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला थांबणार होते. तिथे बोस्टनला संघाबरोबर ना राहता आलं असतं ना खेळता. संघ आफ्रिकेला गेला. बोस्टन एकटा घरी आला. आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूसाठी तो दौरा रद्द करावा असं लीगच्या धुरीणांना वाटलं नाही, कारण तिथेही हिशेब तिकिटांचाच होता. म्हणजे पैशाचा न्याय असा दुधारी असतो: काळ्या विंगरमुळे विगनची तिकिटं खपतात तोवर तो बोस्टनच्या बाजूचा, आणि त्याच्याशिवाय दक्षिण आफ्रिकेत खपणार असली की त्याला विमानात बसवून मोकळा. तरीही दोहोंत फरक उरतोच. लीगमध्ये त्याच्या बाजूनं बोलायला निदान आकडे होते, आणि ते आकडे दर शनिवारी हजारो लोकांसमोर मोजले जात होते. युनियनच्या निवड समितीच्या बंद खोलीत त्याच्या बाजूनं बोलायला काहीच नव्हतं. विगनचे खाणकामगार काही वंशभेदाविरुद्धचे पुरोगामी होते असं समजायचं कारण नाही. त्यांनी शिलिंग मोजून तिकीट घेतलं होतं आणि त्यांना ट्राय हवे होते. ते मिळत गेले तसा हा कार्डिफचा पोरगा त्यांचा झाला, तो शेवटपर्यंत.

हे ‘त्यांचा होणं’ पोकळ नव्हतं. १९६८ मध्ये विगन सोडून, ब्लॅकपूलकडून थोडं खेळून तो निवृत्त झाला आणि कार्डिफला परतला नाही. विगनच्या सेंट्रल पार्क मैदानाजवळ त्यानं ग्रिफिन नावाचा पब चालवला. गावानं मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं, २०१६ मध्ये भर चौकात पुतळा उभारला. कार्डिफनं आपल्या गोदीकाठी बोस्टन, रिस्मन आणि क्लाइव्ह सलिव्हन या तिघांचा एकत्र पुतळा बसवला तो २०२३ मध्ये, सही झाल्याला सत्तर वर्षं लोटल्यावर. आणि ज्या ब्रिटिश सरकारानं युनियनच्या खेळाडूंना अनेकदा ‘सर’ केलं, त्यानं १८९५ नंतरच्या १३० वर्षांत लीगच्या एकाही खेळाडूला ते केलं नव्हतं. जून २०२५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात तो मान पहिल्यांदा दिला गेला तेव्हा सर बिली बोस्टन नव्वद वर्षांचे होते.